कार्डवर सरचार्ज लावताय? नियम बदलले की या चुका टाळा

कार्डने पेमेंट घेतलं की फी कापली जाते आणि ती गिऱ्हाइकाकडून वरून वसूल केली की झाला सरचार्ज. पण याचे नियम सगळीकडे वेगळे आहेत आणि बदलतही असतात. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून बहुतेक साध्या ग्राहक कार्डांवर सरचार्ज बंद, कॅनडात उलट ऑक्टोबर २०२२ पासून क्युबेक सोडून क्रेडिट कार्डवर परवानगी, अमेरिकेत व्हिसाने एप्रिल २०२३ मध्ये कमाल मर्यादा ४ वरून ३ टक्क्यांवर आणली. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणाचा व्हिडिओ बघून आपला रेट ठरवू नका प्लीज.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळ्या कार्डांना एकच टक्का लावून मोकळं होणं. डेबिटची फी बहुतेक वेळा क्रेडिटपेक्षा कमी असते, अमेरिकेत तर डेबिटवर सरचार्ज चालतच नाही, पिन न टाकता क्रेडिटसारखं चालवलं तरी नाही. भारतात रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापली जाणारी फी, शून्य आहे, मग तिथे "कार्डचे दोन टक्के वेगळे" हे मागायचं तरी कशाचं? आणि बंदी असेल तिथे नाव बदलून "सर्व्हिस चार्ज" लिहिलं म्हणून सुटका होत नाही, गिऱ्हाईक कार्ड देतंय म्हणूनच जास्त पैसे घेतले ना, मग तो सरचार्जच.

आता सरचार्ज बंद झाला की घाबरून सगळे भाव फीच्या टक्क्याने वाढवतात, इथे खरंच थांबा आणि आधी हिशोब करा. महिन्याचं स्टेटमेंट काढा, मशीनचं भाडं धरून एकूण किती कापलं गेलं ते बघा आणि त्याला कार्डवरच्या विक्रीने भागा. समजा खरा खर्च निघाला १.५ टक्के आणि कार्डवर विक्री ६० टक्केच, तर एकूण विक्रीवर बोजा पडतो ०.९ टक्के, म्हणजे सरसकट दोन टक्के वाढवलेत तर रोख देणारं गिऱ्हाईक उगाच दुखावणार. हा आकडा हातात असला की बँकेशी रेटवर बोलताही येतं, छोटे व्यावसायिक हे विचारतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक, फी बहुतेक ठिकाणी सरचार्जसकट पूर्ण रकमेवर कापतात. १००० च्या बिलावर २० लावले तर २ टक्के १०२० वर, म्हणजे २०.४० गेले, म्हणून स्टेटमेंट पैशापैशाने जुळत नाही.

माल परत घेतलात तर सरचार्जही परत द्या, अर्धा परत आला तर त्या प्रमाणात.

आणि नियम बदलूनही बिलात जुनाच टक्का येतोय अशी तक्रार आली तर फक्त काउंटरवरचं मशीन बघून थांबू नका, वेबसाइटचं चेकआउट, पेमेंट लिंक, इनव्हॉइसचा टेम्प्लेट आणि दारावरची पाटी हे सगळं वेगवेगळं बदलावं लागतं. मशीनमधली सेटिंग लॉक असेल तर ती बँक किंवा मशीन देणारी कंपनीच काढू शकते, त्यांना लेखी कळवा आणि तोपर्यंत जास्त गेलेले पैसे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे परत करा.