माओरी समाजापुढील विषमतेवर वादविवाद कसा करावा: कारणे, उपाय आणि त्यांची सांगड

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाच्या वाट्याला आलेली विषमता हा विषय चर्चेला निघाला की बहुतेक वक्ते दोनपैकी एका टोकावर जाऊन उभे राहतात. एकाचे म्हणणे असते की हे सर्व वसाहतवादाचे फळ आहे. दुसऱ्याचे म्हणणे असते की कायद्यापुढे सर्व नागरिक सारखेच असल्याने कोणालाही वेगळी वागणूक नको. दोन्ही विधानांत तथ्य असूनही वाद जागचा हलत नाही, कारण कोणती विषमता, ती कोणत्या वाटेने निर्माण झाली आणि सुचवलेला उपाय त्या वाटेवर नेमका कोठे परिणाम करतो, हे कोणी विचारतच नाही. ज्यांना या विषयावर स्पर्धेत, अभ्यासमंडळात किंवा वर्गात बोलायचे आहे, त्यांनी तयारी कशी करावी याची दिशा येथे दिली आहे. दुसऱ्या देशांतील ओळखीच्या वादांचे साचे येथे आणू नयेत, ही सूचना सुरुवातीलाच करतो. या वादाच्या मुळाशी असलेला १८४० चा वैतांगी करार आणि त्यातून आलेले हक्क न्यूझीलंडचे स्वतःचे आहेत.

एकच दरी निवडा आणि ती नीट मोजा

‘विषमता’ हा शब्द इतका व्यापक आहे की त्याच्या आधारे काहीही सिद्ध करता येते आणि काहीही नाकारता येते. म्हणून प्रथम एकच दरी निवडावी: आयुर्मान, तुरुंगातील प्रमाण, घराची मालकी किंवा शालेय यश. उदाहरणार्थ, २०१७ ते २०१९ या काळातील अधिकृत आयुर्मान-सारणीनुसार माओरी पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ७३.४ वर्षे, तर बिगर-माओरी पुरुषांचे ८०.९ वर्षे होते. स्त्रियांमध्ये हेच आकडे ७७.१ आणि ८४.४ असे होते. सात वर्षांहून मोठी ही दरी कोणत्याही भावनिक विशेषणाशिवाय श्रोत्यांपर्यंत पोहोचते.

मात्र आकडे वापरताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. माओरी समाज वयाने तरुण आहे. २०२३ च्या जनगणनेत स्वतःची ओळख माओरी अशी नोंदवणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के होते आणि त्यांचे मध्य वय सुमारे २७ होते, तर संपूर्ण देशाचे मध्य वय ३८ होते. वयातील या फरकामुळे मृत्यूचे ढोबळ दर माओरींची स्थिती आहे त्याहून बरी दाखवतात, कारण वृद्धांची संख्याच कमी असते. गुन्हेगारीचे ढोबळ दर मात्र स्थिती आहे त्याहून वाईट दाखवतात, कारण सर्वच समाजांत गुन्हे मुख्यतः तरुण वयात घडतात. तुरुंगातील कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक माओरी आहेत, ही वस्तुस्थिती मांडणाऱ्याला प्रतिपक्ष वयाचा मुद्दा काढून अडवू शकतो, आणि तसे करणे योग्यच आहे. त्याला उत्तर असे द्यावे, की वयरचनेमुळे दरीचा काही भाग समजतो, पण देशाच्या लोकसंख्येत पाचव्या हिश्श्याहूनही लहान असलेला समाज तुरुंगात निम्म्याहून मोठा का, याचा उलगडा केवळ तेवढ्याने होत नाही.

कारणांची साखळी जोडा

तयारीतील सर्वांत मोठा वेळ येथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वसाहतवाद’ हे कारणाचे नाव झाले. ते कारण प्रत्यक्षात कसे घडत गेले हे त्या नावातून कळत नाही. जमिनीचे उदाहरण घेऊन साखळी कशी जोडावी ते पाहू.

१८४० आणि १८५० च्या दशकांत वाइकाटो खोऱ्यातील माओरी गहू पिकवत होते, पिठाच्या गिरण्या चालवत होते आणि ऑकलंडच्या बाजारपेठेला धान्य पुरवत होते. जुलै १८६३ मध्ये सरकारी सैन्य त्या खोऱ्यात घुसले, त्याच वर्षी ‘न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्ट’ संमत झाला आणि बंडखोरीचा ठपका ठेवून वाइकाटोतील सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त करण्यात आली. युद्धाची झळ न लागलेल्या भागांत दुसरा मार्ग होता. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टाने सामूहिक जमिनीचे रूपांतर व्यक्तींच्या नावावरील मालकीत करण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या नियमानुसार एका जमिनीच्या दाखल्यावर जास्तीत जास्त दहाच नावे येत, आणि उरलेल्या शेकडो लोकांचा कायदेशीर हक्क संपे. मोजणीचा खर्च, वकिलांचे शुल्क आणि सुनावणीसाठी आठवडेच्या आठवडे शहरात राहण्याचा भार यांमुळे कर्ज होई आणि ते फेडण्यासाठी जमीन विकावी लागे. आज माओरी मालकीची पारंपरिक जमीन देशाच्या भूभागाच्या साधारण ५ ते ६ टक्के उरली आहे, आणि वारसाहक्काने तिचे इतके वाटे पडले आहेत की तिच्यावर बँकेचे कर्ज मिळवणेही अवघड जाते.

येथे प्रतिपक्षाचा ठरलेला आक्षेप येतो, की दीडशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचे ओझे आजच्या पिढीवर कशाला. या आक्षेपाला चिडून उत्तर देऊ नये. साखळीतील अलीकडच्या कड्या दाखवाव्यात. तारानाकीसारख्या प्रदेशात राखीव माओरी जमिनी कायमस्वरूपी भाडेपट्ट्याने इतरांकडे गेल्या होत्या. त्यांचे भाडे २१ वर्षांतून एकदाच बदलत असे आणि महागाईत ते नाममात्र उरे, आणि ही व्यवस्था बदलणारा कायदा येण्यास १९९७ साल उजाडावे लागले. पारंपरिक वैद्य आणि ज्ञानी व्यक्तींच्या कार्यावर बंदी घालणारा १९०७ चा कायदा १९६२ पर्यंत पुस्तकात होता. १८९८ मध्ये सुरू झालेले वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन माओरींना कायद्याने लागू असूनही व्यवहारात अनेकदा कमी दिले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतून शहरांत आलेले माओरी मोठ्या प्रमाणावर कारखाने, रेल्वे, जंगलखाते आणि कत्तलखाने यांत कामाला लागले. १९८४ नंतरच्या आर्थिक फेररचनेत नेमक्या याच क्षेत्रांतील नोकऱ्या गेल्या, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला माओरी बेरोजगारी सुमारे एक-चतुर्थांशावर पोहोचली. त्या काळी नोकरी गमावलेल्यांची मुले आज मध्यमवयीन आहेत. एवढे मांडल्यावर ‘फार जुनी गोष्ट’ हा आक्षेप फारसा टिकत नाही.

प्रतिपक्षाचा अधिक गंभीर युक्तिवाद वर्गाचा असतो: ही दरी वांशिक नसून गरिबीची आहे, आणि गरीब पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाचे न्यूझीलंडकरही, तितकेच वंचित आहेत. या युक्तिवादाचा मनापासून आदर करावा, कारण त्यात बरेच खरे आहे. त्याची कसोटी मात्र सोपी आहे: समान आर्थिक स्थितीतील माओरी आणि बिगर-माओरी यांची तुलना केली तर दरी नाहीशी होते का? आरोग्याच्या बाबतीत ती कमी होते, पण नाहीशी होत नाही. म्हणजे गरिबी हे कारण आहे, परंतु एकमेव नाही. सेवा कोठे आहे, ती कशी दिली जाते आणि तेथे माणसाला कसे वागवले जाते, याचाही विचार करावा लागतो.

कोणी संस्कृतीला किंवा वृत्तीला दोष दिला, तर त्या दोषापासून आकड्यापर्यंतची साखळी त्यांनाच जोडायला सांगावी. गव्हाच्या गिरण्या चालवणारा समाज, तसेच १९८२ पासून आपल्या भाषेतील बालवाड्या, म्हणजे ‘कोहांगा रेओ’, उभारणारा समाज उदासीन होता असे म्हणणे कठीण आहे.

गरज आणि हक्क यांची गल्लत करू नका

या वादात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. वेगळ्या उपाययोजनेचे समर्थन दोन आधारांवर होऊ शकते. एक आधार गरजेचा आहे आणि दुसरा ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेल्या कराराचा. आपण कोणत्या आधारावर उभे आहोत, हे वक्त्याने पहिल्या दोन मिनिटांतच सांगावे.

गरजेच्या आधाराचे उत्तम उदाहरण म्हणजे आतड्याच्या कर्करोगाची तपासणी. राष्ट्रीय तपासणी ६० ते ७४ या वयोगटासाठी होती. परंतु माओरींमध्ये या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे निदान साठीपूर्वीच होते, तर बिगर-माओरींमध्ये हे प्रमाण एक-तृतीयांशाहून कमी आहे. सर्वांना एकच वयोमर्यादा लावल्याने वरवर समान दिसणारा नियम प्रत्यक्षात एका गटाला कमी संरक्षण देतो. काही भागांत माओरी आणि पॅसिफिक बेटांच्या वंशाच्या लोकांसाठी ही मर्यादा ५० वर आणली गेली. पुढे सरकारने तो विस्तार बाजूला ठेवून सर्वांसाठीच मर्यादा ५८ करण्याचे ठरवले आणि त्यामुळे एकूण अधिक जीव वाचतील असा युक्तिवाद केला. दोन्ही बाजूंनी बोलण्याचा सराव करण्यासाठी याहून चांगला विषय मला ठाऊक नाही. एका बाजूला मर्यादित साधनांत एकूण लाभ, दुसऱ्या बाजूला धोका जेथे लवकर येतो तेथे आधी पोहोचण्याची जबाबदारी. सेवा वंशाच्या नव्हे तर गरजेच्या निकषावर द्याव्यात, असे परिपत्रक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये काढले. पण ज्या आजारात वंशानुसार धोक्याचे वय बदलते, तेथे वंशाची नोंद हीच गरजेची खूण ठरते, हे उत्तर तयार ठेवावे.

हक्काचा आधार वेगळा आहे. पाचशेहून अधिक प्रमुखांनी करारावर खुणा केल्या आणि त्यांतील बहुतेकांनी माओरी भाषेतील मसुद्यावर केल्या. इंग्रजी मसुद्यावर जेमतेम चाळीसांच्या आसपास होत्या. येथे शब्दांचा मुद्दा टाळता येत नाही, कारण कायद्याचा वादच त्यावर उभा आहे: इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व राजसत्तेकडे जाते, तर माओरी मसुद्यात केवळ शासन चालवण्याचा अधिकार जातो आणि जमिनी, वस्त्या व ठेवा यांवरील प्रमुखांचे पूर्ण अधिकार, म्हणजे ‘तिनो रांगातिरातांगा’, कायम राहतात. तिसरे कलम माओरींना ब्रिटिश प्रजाजनांचे हक्क देते. हे कलम दोन्ही पक्ष वापरतात, एक पक्ष सर्वांना समान नियम हवेत म्हणून आणि दुसरा समान परिणाम मिळाला नाही म्हणून. त्यामुळे केवळ कलमाचा क्रमांक सांगून थांबू नये. वैतांगी न्यायाधिकरण १९७५ च्या कायद्याने स्थापन झाले आणि १९८५ पासून त्याला १८४० पर्यंत मागे जाऊन तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला, हेही ठाऊक असावे. कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या कायद्याने करू पाहणारे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत आले, त्याविरुद्ध मोठी पदयात्रा राजधानी वेलिंग्टनला पोहोचली आणि १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले. हा प्रसंग सांगताना दोन्ही बाजूंचे सर्वोत्तम म्हणणे मांडावे: विधेयकाच्या समर्थकांची चिंता लोकशाहीतील समान मताची होती, विरोधकांची चिंता एका पक्षाने करार परस्पर बदलण्याची होती.

उपाय तोलताना

प्रत्येक उपायाला विचारावे की तो कोणत्या कारणावर काम करतो. हिरावलेल्या जमिनींबद्दल सरकारशी झालेल्या तडजोडी हक्कावर आधारलेल्या आहेत. वाइकाटो-ताइनुई या माओरी वंशसमूहाला १९९५ मध्ये आणि न्गाई ताहू या वंशसमूहाला १९९८ मध्ये प्रत्येकी १७ कोटी न्यूझीलंड डॉलर मिळाले. ही रक्कम गमावलेल्या संपत्तीचा लहानसा अंश होती. तरीही त्यातून न्गाई ताहूंची मालमत्ता सुमारे २ अब्ज डॉलरपर्यंत वाढली, हे या उपायाचे यश आहे. पण बहुसंख्य माओरी आज शहरांत राहतात आणि अनेकांचा आपल्या ‘इवी’शी, म्हणजे वंशसमूहाशी, रोजचा संबंध उरलेला नाही, त्यांच्या भाड्याच्या ओलसर घराचा प्रश्न या तडजोडीने सुटेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. त्यासाठी घरबांधणीचे धोरण लागते आणि २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘फानाऊ ओरा’सारखी, सबंध कुटुंबाला एकत्र आधार देणारी सेवा लागते.

तडजोडींवर फार खर्च झाला, असा आक्षेप आल्यास अनेक जण साउथ कँटरबरी फायनान्स ही कंपनी २०१० मध्ये बुडाल्यावर सरकारने ठेवीदारांना दिलेल्या १ अब्ज ७० कोटी डॉलरहून अधिक रकमेशी तुलना करतात. तुलना परिणामकारक आहे, पण त्या रकमेचा काही भाग नंतर वसूल झाला, हे त्याच दमात सांगावे. प्रतिपक्षाने ते आधी सांगितले, तर आपल्या इतर आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

माओरी आरोग्य प्राधिकरण, म्हणजे ‘ते आका फाई ओरा’, जुलै २०२२ मध्ये स्थापन झाले आणि जून २०२४ अखेर बरखास्त झाले. दोन वर्षांत आयुर्मान बदलत नाही. त्यामुळे ते अपयशी ठरले असे म्हणणे जितके निराधार आहे, तितकेच ते यशस्वी होत होते असे ठामपणे म्हणणेही. कोणताही उपाय सुचवताना कोणता आकडा, किती वर्षांत आणि कोणाच्या देखरेखीखाली बदलायला हवा, हे सांगावे. आणि ‘हे कधी संपणार’ असा प्रश्न आला तर गरजेवरील उपायांना दरी मिटेपर्यंतची मुदत मान्य करावी, पण हिरावलेली जमीन किंवा करारातील हक्क यांना तशी मुदत लागू होत नाही, हे वेगळे करून दाखवावे.