ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? निपल उघडण्याआधी या चुका टाळा

फॉर्म्युला भारत या इंजिनिअरिंगच्या स्पर्धेसाठी विद्यार्थी स्वतः रेस कार बांधून कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर आणतात. तिथल्या ब्रेक टेस्टमध्ये गाडी पळवून ब्रेक मारायचा. चारही चाकं जाम झाली पाहिजेत आणि गाडी सरळ थांबली पाहिजे. पेडल मऊ असेल तर चाकं जाम होत नाहीतच, वर पेडल प्रमाणाबाहेर खाली गेलं की त्यामागचा ओव्हरट्रॅव्हल स्विच दाबला जातो आणि इंजिन बंद पडतं. वर्षभराची मेहनत अशी अडकलेली बघवत नाही. म्हणून पुण्यातल्या मुलांबरोबर ब्रेकचं काम करताना पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे पेडल मऊ लागलं की लगेच पाना घेऊन निपलकडे, म्हणजे चाकाच्या ब्रेकमधली हवा बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूकडे, धावणं. आधी पायाला काय कळतंय ते बघा. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर मिनिटभर थांबा आणि पुन्हा दाबा. गाडी न हलवताही परत मऊ झालं, तर एअर धरलीय, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये हवा अडकलीय. उभ्या गाडीत कडक राहतं आणि एक फेरी मारून आल्यावर पहिला ब्रेक खोल जातो, तर डिस्क वाकडी फिरतेय किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. चाकाबरोबर फिरणारी डिस्क तिला आवळणाऱ्या पॅडला मागे ढकलतेय, तिथे कितीही ऑइल ओतलं तरी उपयोग नाही. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील गेलंय.

एअरच असेल, तर पुढची चूक बहुतेक बॅलन्स बारची असते. या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन वेगळे मास्टर सिलिंडर असतात आणि पेडलचा जोर बॅलन्स बार दोघांत वाटतो. रोजच्या कारच्या सवयीने मुलं एकाच चाकाचा निपल उघडतात. मग उघड्या बाजूला अडवायला काही नसतं, दुसरी बाजू घट्ट. बार तिरका होऊन टेकतो आणि पिस्टन अर्ध्या वाटेतच थांबतो. ऑइल थोडंसं पुढे सरकतं, बुडबुडा तिथेच. म्हणून पुढचा एक आणि मागचा एक, असे दोन निपल एकाच वेळी उघडा. माणसं तीन लागतात: एक पेडलवर, दोघं पान्यांवर. पेडलवाल्याने "दाबलं" म्हणायचं, दोघांनी निपल उघडून बंद करायचे, दोघांचंही "बंद" ऐकल्याशिवाय पाय सोडायचा नाही. निपल उघडा असताना पाय उचलला, तर बाहेरची हवा परत आत. ब्रेक ऑइलची टाकी छोटी असते, ती रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

पाय सावकाश चालवा. धडाधड पंप केलं की मोठ्या बुडबुड्याचा बारीक फेस होतो आणि तो सहज निघत नाही. बाटली हलवून ओतण्याचंही तेच.

एकदा रात्री दोन बाटल्या ऑइल संपलं, तरी मागच्या चाकांच्या ब्रेकचं सर्किट कडक होईना. टॉर्च मारून बघितलं तेव्हा कळलं, जागा पुरावी म्हणून कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) फिरवून बसवला होता आणि निपल बाजूला आला होता, वरचा अर्धा कप्पा त्याच्याही वर. हवा वर चढते, ती बाजूच्या भोकातून का निघेल? बोल्ट काढून कॅलिपर हातात घेतला, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी तुकडा घट्ट बसवला, निपल आकाशाकडे केला आणि रबरी हातोडीने हलकेच टकटक केलं. पारदर्शक नळीतून वाटाण्याएवढा बुडबुडा सरकत गेला. पुढच्या दोन दाबात पेडल उभं राहिलं. लाकडाचा तुकडा मात्र विसरू नका, नाहीतर पिस्टनच बाहेर येतील.

आता जिकडे कुणी बघत नाही ती गोष्ट. एकाने पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने पेडल बॉक्सकडे, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर बसवलेल्या चौकटीकडे, डोळा लावून बसायचं. पातळ पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवला असेल तर तो मागे झुकताना दिसतो. पेडलचं गुणोत्तर पाचास एक असेल, तर तिथली 1 मिलीमीटरची हालचाल पायाखाली 5 मिलीमीटर होते. हा मऊपणा ब्लीडिंगने, म्हणजे हवा काढून, जाणार नाही, तिथे ब्रॅकेट जाड करावा लागतो. लांब रबरी होज फुगतानाही असंच वाटतं. स्टीलची जाळी असलेला होज घाला.

तरीही सापडत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी लाइन काढून तिथे प्लग लावा आणि आतली हवा काढून दाबा. पेडल दगडासारखं झालं, तर मास्टर आणि पेडल बॉक्स ठीक, दोष पुढे. मग एकेक कॅलिपर जोडत जा.

ऑइल नवीन, सीलबंद बाटलीतलंच. डॉट 4 ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, पण ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरलेला चालतो. चार फेऱ्यांनंतरच पेडल मऊ होत असेल, तर ऑइल उकळतंय असं समजा.

शेवटी पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक बॅन्जो (होजचा जोड), प्रत्येक निपल बोटाने पुसून बघा. बोट कोरडं निघालं की गाडी खाली उतरवा आणि पिटमध्येच चालण्याच्या वेगात पहिला ब्रेक मारा.