दुमड हाताने शिवताना या चुका टाळा

तुरपाई, म्हणजे दुमडलेल्या कडेची हातशिवण, चांगली झाली की नाही, हे उलट्या बाजूने बघून कळत नाही. तिकडून सगळं छानच दिसतं. कपडा सुलट करा, खिडकीपाशी न्या आणि उजेड तिरका पडेल असा धरा. दुमडीच्या वरच्या अंगाला ओळीने बारीक खळ्या दिसल्या तर समजा, दोरा ओढला गेलाय.

ही चूक जवळजवळ सगळ्यांची होते, माझीही बरीच वर्षं होत होती. टाका जितका आवळला तितकी शिवण पक्की, असं डोक्यात बसलेलं असतं. बाहीच्या किंवा खांद्याच्या टिपेला ते लागू आहे, कारण त्या शिवणीवर ताण येतो. दुमडीवर तसा ताण येत नाही. तिथल्या टाक्याचं काम कापड जागेवर धरून ठेवण्यापुरतं. तो ढिलाच हवा.

दुमड डाव्या तर्जनीवर घ्या. सुई दुमडीच्या कडेतून बाहेर काढा, समोरच्या कापडाचा एकच धागा टोकावर उचला (कापड जाड असेल तर दोन), आणि सुई पुन्हा दुमडीत घालून अर्धा-पाऊण सेंटिमीटर पुढे काढा. सुलट बाजूला असलेल्या बोटाला सुई टोचली, तर ती आरपार गेली. तो टाका सोडून परत घ्या. दोरा कापडाला टेकला की हात थांबवायचा, त्यापुढे ओढायचं नाही. सात-आठ टाके झाले की कापड दोन्ही हातांत धरून हलकंसं ताणायचं. कुठे आवळलं असेल तर तिथल्या तिथे सुटतं. विणीच्या, ताणणाऱ्या कापडाला तर हे हवंच. त्याला गोल टोकाची सुई वापरा आणि टाके फुलीसारखे तिरके एकमेकांवरून घ्या. सरळ तुरपाई तिथे पहिल्याच ताणाला तुटते.

दोऱ्याच्या चुका बहुतेक आळसातून होतात. परत ओवायला नको म्हणून लांबच लांब दोरा घ्यायचा, मग तो पीळ खातो, गाठी पडतात, आणि वाचवलेला वेळ गाठी सोडवण्यात जातो. साधारण 45 सेंटिमीटर पुरे. मध्येच सुई खाली लोंबकळत सोडली की ती गिरक्या घेते आणि पीळ उतरतो. दोरा एकेरीच हवा. दुहेरी बटणाला ठेवा. रंग जुळवताना रीळ कापडावर ठेवून बघू नका, एक पदर सोडवून कापडावर आडवा टाका. एकटा धागा रिळावरच्यापेक्षा फिका दिसतो, म्हणून नेमका रंग नसेल तर किंचित गडद निवडा. आणि सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पातळ कापडाला 9 किंवा 10 नंबर घ्या.

एक प्रसंग नेहमीचा: पायाचा अंगठा दुमडीत अडकतो, एक टाका तुटतो आणि संध्याकाळपर्यंत अर्धा घेर लोंबायला लागतो. दोष अंगठ्याचा नाही. पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत मध्ये दोरा कुठेच अडवलेला नसतो. दर 10 सेंटिमीटरवर दुमडीच्या आतच एक छोटा उलटा टाका (मागे येऊन त्याच जागी) घ्या. मग सुटलं तरी तेवढंच सुटतं.

आता टाक्याच्या आधीच्या गोष्टी. दुमड वर-खाली दिसते तेव्हा शिवण नीट असते, खूण चुकलेली असते. टेबलावर पसरून मोजलेली लांबी अंगावर बदलते. कपडा घालून, पायात जे घालणार ते घालून, दुसऱ्याकडून जमिनीपासून वर मोजून घ्या. सुती कापड आटतं, तेव्हा आधी धुवा. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका कापलेला स्कर्ट निदान एक दिवस टांगून ठेवा. मी एकदा उरेब स्कर्ट त्याच संध्याकाळी दुमडला. आठवड्यात तो दोन्ही बाजूंनी दोन बोटं खाली आला आणि मी उगाच कात्रीला दोष देत बसले. उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही.

घेरदार कपड्याला रुंद दुमड घेतली की आत चुण्या पडतात, कारण खालची कड वरच्या भागापेक्षा लांब असते. तिथे 1 ते 2 सेंटिमीटर बास. तरी कापड उरलं तर कडेला धावदोरा घालून थोडं थोडं चुणून वाटून द्या, वर वाफ द्या. निमुळत्या पँटच्या मोहरीला (पायाच्या खालच्या तोंडाला) नेमकं उलट होतं: वर दुमडलेली कड आखूड पडते आणि बाहेरचं कापड ओढते. दुमडीत येणारी बाजूची शिवण तेवढ्यापुरती उसवली की काम होतं. जाड कापड दोनदा दुमडू नका, बाहेर वळ उठतो. कड ओव्हरलॉक करून एकदाच दुमडा.

इस्त्रीचे दोनच नियम. घडी शिवण्याआधी इस्त्रीने बसवायची, आणि शिवून झाल्यावर इस्त्री उलट्या बाजूने, ठेवायची-उचलायची, ढकलायची नाही. दुमड आणि कापड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली तर कडेचा छाप सुलट बाजूला उमटत नाही.

कपडा लांब करायला जुनी दुमड सोडली की घडीची रेघ राहते. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्याने लावा आणि वाफेची इस्त्री फिरवा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग उतरतो का तेवढं बघा. रेघेवरचा रंगच घासून गेला असेल तर मात्र इलाज नाही, तिथे लेस किंवा पट्टी लावावी.

चुकलेली तुरपाई उसवताना एक टोक धरून ओढू नका. कापडाचा धागा निघून येतो. आतल्या बाजूने दर तीन-चार टाक्यांवर कात्री लावा आणि तुकडे वेचून काढा. सुती कापडावर राहिलेली भोकं वाफ देऊन नखाने घासली की बुजतात. रेशमावर ती तशीच राहू शकतात, म्हणून तिथे टाचण्यासुद्धा दुमडीच्या आतच लावा.