मित्राच्या व्हिडिओ एसेची आउटलाइन हातात आली की काय बघायचं

वर्गात व्हिडिओ एसेच्या (म्हणजे आपलं एखादं म्हणणं आवाज आणि दृश्यांतून मांडणारा व्हिडिओ) आउटलाइनची अदलाबदल झाली की निम्मी पोरं "भारी आहे, आवडलं" लिहून मोकळी होतात आणि उरलेली ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतात. दोन्हीचा समोरच्याला काडीचा उपयोग नाही, कारण आउटलाइनमधली वाक्यं तशीही उडणारच असतात. या स्टेजला बघायचं एवढंच, की याला म्हणायचंय काय आणि ते म्हणताना स्क्रीनवर दिसणार काय.

आधी पेन न उचलता शेवटपर्यंत वाच, मग कागद पालथा घाल आणि एका वाक्यात लिही, "मला वाटतं तुझं म्हणणं असं आहे की..." हे वाक्य जमलं नाही, किंवा त्यात नुसता विषयच आला, तर तोच तुझा पहिला फीडबॅक.

आता समज आउटलाइन सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्यावर आहे (आपल्याकडं कोणीतरी घेतोच हा विषय). मुद्दे असे: 5 मे 1930 ला गांधीजींना अटक, शहरात उद्रेक, मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी, शेवटी हुतात्म्यांचे पुतळे. तारखा बरोबर, क्रम बरोबर, पण ही यादी झाली बे, एसे कुठंय? म्हणून लिहायचं असं: "इथं एवढं का पेटलं, गिरणी कामगारांमुळं का? तसं म्हणायचं असेल तर पहिल्या मिनिटातच म्हण आणि दुसऱ्या मुद्द्यात गिरण्या आण, आत्ता त्यांचं नावच नाहीये." बघ, कुठं अडलंय तेही कळलं, का अडलंय तेही कळलं आणि उत्तर मात्र त्याचं त्यालाच शोधायचंय. काहीजण उत्साहात स्वतःचीच नवी आउटलाइन लिहून देतात, ते कृपया नको.

मग प्रत्येक मुद्द्याशेजारी मार्जिनमध्ये विचार, इथं काय दिसणार? "जुने फोटो" हे उत्तर नाही. कुठले फोटो, कुठून आणणार, वापरायची परवानगी आहे का? 40 सेकंद आवाज चालणार आणि समोर एकच फोटो असेल तर बघणारा फोन खाली ठेवतो. तिथं सुचव की पुतळे सकाळी गर्दी व्हायच्या आत मोबाईलवर स्वतःच शूट कर, गिरण्या कुठं होत्या ते नकाशावर दाखव.

वेळेचा हिशोब पण कर, 5 मिनिटांत 9 मुद्दे म्हणजे एकाला जेमतेम अर्धं मिनिट. कुठला मुद्दा गाळला तर काहीच बिघडत नाही ते नाव घेऊन सांग.

भाषेचं म्हणशील तर "बोअर आहे" असं लिहू नको, "तिसऱ्या मुद्द्यावर माझी लिंक तुटली, परत मागं जावं लागलं" असं लिही. आवडलेलंही तसंच नेमकं सांग, नाहीतर सुधारताना तो चांगला भागच उडवून टाकेल. एकूण कमेंट तीन, फार तर चार.

आणि त्याचं शूटिंग आधीच झालं असेल तर परत कॅमेरा घेऊन चौकात जायला लावणारी कमेंट एखादीच ठेव, बाकी एडिटिंगमध्ये आणि व्हॉइसओव्हरमध्ये काय बदलता येईल तेवढंच सांग.