कोल्हापुरातून सुप्रीम कोर्टात: विशेष अनुमती याचिका कशी दाखल करावी

बांधाचं भांडण पेटलं की आपल्याकडं एक वाक्य ठरलेलं असतं, ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाही.’ जाता येतं, हे खरं. पण खालच्या कोर्टातलं अपील आणि दिल्लीतली याचिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक वेळेत न कळल्यानं पक्षकारांचा पैसा जातो आणि मुदतही जाते.

दिवाणी दाव्याचा निकाल विरुद्ध गेला, तर पहिलं अपील हा साधारणपणे आपला हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 136 खाली जाताना मात्र आधी परवानगी मागावी लागते: माझं अपील ऐकण्यासारखं आहे, ते ऐकावं. ही विशेष अनुमती याचिका, वकिलांच्या तोंडी एसएलपी. हा अधिकार जपून आणि अपवादात्मक प्रकरणांतच वापरायचा, असं न्यायालयानं 1950 सालीच प्रीतम सिंग खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा ‘निकाल चुकला’ एवढं म्हणून भागत नाही. हे प्रकरण तुम्हीच का ऐकावं, याचं उत्तर द्यावं लागतं. पुढची सगळी तयारी त्या उत्तरासाठी असते.

निकालाच्या दिवशी

पहिलं काम उच्च न्यायालयातच करायचं असतं. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. त्यामुळं निकालाच्या वेळी स्वतः हजर राहणं आता अवघड नाही, आणि राहावंच.

उच्च न्यायालयात अंतरिम स्थगिती चालू असेल आणि निकाल विरुद्ध गेला, तर तिथल्या तिथं वकिलांना सांगा: ‘साहेब, सुप्रीम कोर्टात जायचंय, स्थगिती काही आठवडे वाढवून मागा.’ अशी तोंडी विनंती त्याच क्षणी करता येते आणि बऱ्याचदा मान्यही होते. ती राहून गेली, तर दिल्लीत कागद पोचेपर्यंत इकडं ताबा गेलेला असू शकतो. नुसती एसएलपी दाखल केल्यानं काहीच थांबत नाही. तिथं स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

त्याच दिवशी निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. मुदत निकालाच्या तारखेपासून 90 दिवसांची आहे. नक्कल तयार होण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो, पण तो अर्ज दिल्यापासूनचा. अर्जच दोन महिन्यांनी दिला, तर आधीचे दोन महिने आपल्याच खात्यावर पडतात. उच्च न्यायालयाकडं अपिलाच्या योग्यतेचं प्रमाणपत्र मागितलं आणि ते नाकारलं गेलं, तर त्या आदेशापासून 60 दिवस मिळतात. मुदत टळलीच, तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. त्यात उशिराचं कारण तारखांसह आणि कागदांच्या आधारानं द्यावं. ‘आजारी होतो’ असं लिहिलं, तर दवाखान्याचे कागद हवेत.

आधी दोन गोष्टी तपासा

खालचा एखादा मार्ग शिल्लक आहे का? रिट याचिकेवर एकल न्यायमूर्तींचा निकाल असेल, तर काही प्रकारांत उच्च न्यायालयातच दोन न्यायमूर्तींपुढं लेटर्स पेटंट अपील चालतं. तो मार्ग सोडून दिल्ली गाठली, तर बहुधा परत पाठवतात.

दुसरं, परवानगी लागतेच का? खालच्या कोर्टानं निर्दोष सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयानं दोषी ठरवून फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली असेल, तर सर्वोच्च न्यायालयात अपील हा त्याचा हक्क आहे. तिथं एसएलपीची गरज नाही.

वकील कोण करायचा

सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करायला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे एओआर, लागतो. ही न्यायालयाची वेगळी परीक्षा पास झालेली वकील मंडळी. त्यांचं कार्यालय दिल्लीत न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत असावं लागतं. कितीही नामांकित सीनियर उभा केला, तरी वकीलपत्र ‘एओआर’च्याच नावानं. न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते, आपल्याला सांगितलेलं नाव तिथं पडताळून बघा. मधला माणूस ‘दिल्लीत माझी ओळख आहे’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी एओआरशी स्वतः फोनवर बोला. फी कशाची ठरली, निव्वळ दाखल करण्याची की पहिल्या तारखेच्या युक्तिवादासह, हे लिहून घ्या. स्वतःची बाजू स्वतः मांडायचीही मुभा आहे, पण कामकाज इंग्रजीत चालतं आणि वेळ मिनिटांत मिळतो. मी तरी तो सल्ला देणार नाही.

पैशाची अडचण असेल तर थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मुलं, दिव्यांग, कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. तिथं जाण्याचा रस्ता कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणातूनही निघतो. हेल्पलाइन 15100. माणूस कळंब्याच्या कारागृहात असेल, तर त्याला तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही याचिका पाठवता येते.

पहिली पानं

याचिकेच्या सुरुवातीला सारांश आणि तारखांची यादी असते. माझ्या मते सगळी मेहनत इथं ओतावी, कारण न्यायमूर्ती पहिल्यांदा वाचतात ते हेच. समजा, करवीर तालुक्यातल्या एका बहिणीनं वडिलोपार्जित शेतीत वाटा मागितलाय. तिला लिहावंसं वाटतं की भावांनी बोलणं टाकलं, आईचं शेवटचं सगळं तिनंच केलं, तलाठ्यानं नोटीस न देता फेरफार घातला. सगळं खरं असेल. पण पहिल्या पानावर हवं ते असं:

1998: वडिलांचं निधन. फेरफार फक्त दोन मुलांच्या नावे.
9 सप्टेंबर 2005: हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू.
2016: बहिणीचा वाटपाचा दावा.
2019: वडील 2005 पूर्वी वारले म्हणून मुलीला मुलाइतका वाटा नाही, असा निकाल. पुढं अपीलही फेटाळलं.
11 ऑगस्ट 2020: विनिता शर्मा निकाल. मुलीचा हक्क जन्मानं, 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट नाही.
2025: हा निकाल दाखवूनही उच्च न्यायालयानं दुसरं अपील कायद्याचा प्रश्न न काढताच फेटाळलं.

प्रकरण काल्पनिक आहे, कायदा खरा आहे. शेवटच्या दोन ओळी शेजारी आल्या की वाचणाऱ्याला कारण सापडतं. साक्षीदार खोटं बोलला, पंचनामा चुकला असल्या मुद्द्यांत सर्वोच्च न्यायालय सहसा शिरत नाही, खालच्या सगळ्या कोर्टांचं मत एकच असेल तर नाहीच. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, दोन उच्च न्यायालयांची परस्परविरोधी मतं, किंवा वाचताक्षणी दिसणारा घोर अन्याय यांपैकी काय आहे ते दाखवा.

बाकी जोडणी अशी: निकालाची नक्कल, कारणं, अंतरिम अर्ज, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र आणि जोडपत्रं. खालच्या कोर्टात जे रेकॉर्डवर होतं त्याच्यापुरतंच बोलायचं. नवा कागद घालायचा तर वेगळा अर्ज लागतो. प्रतिज्ञापत्र कोल्हापुरात नोटरीसमोर करता येतं, त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. सातबारा, फेरफार, मराठी जबाब यांचं इंग्रजी भाषांतर मात्र जोडावं लागतं. ते इथल्याच, जमिनीचे कागद रोज हाताळणाऱ्या माणसाकडून करून घ्या. ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य जमीन) आणि ‘पोटहिस्सा’ (गटाचा वेगळा केलेला भाग) यांची गल्लत झाली तर अर्थच फिरतो. अधिकृत भाषांतरातून सूट मागणारा अर्ज एओआर सोबत देतात. फौजदारी प्रकरणात कोर्ट फी नाही, पण कैदेची शिक्षा असेल तर शरण आल्याचा दाखला किंवा त्यातून सूट मागणारा अर्ज लागतो.

दाखल केल्यानंतर

ई-फायलिंग झालं की डायरी नंबर मिळतो. त्यावरून प्रकरणाची स्थिती घरबसल्या बघता येते. रजिस्ट्री त्रुटी काढते: पान अस्पष्ट, सही राहिली, भाषांतर नाही. त्या 28 दिवसांत दुरुस्त करायच्या असतात. कितीतरी याचिका इथंच रेंगाळतात, म्हणून दर आठवड्याला विचारत राहा.

उच्च न्यायालयात तुम्ही जिंकला असाल, तर तुमचं काम वेगळं: सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, टाका, म्हणजे तुमच्या पाठीमागं स्थगिती मिळणार नाही.

पहिली सुनावणी बऱ्याचदा काही मिनिटांची असते. नोटीस निघाली, तर समोरच्याला बोलावलं जातं आणि पुढं अनुमती मिळाली की एसएलपीचं अपील होतं. नाहीतर ‘डिसमिस’. जुलै 2025 मध्ये नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीचं प्रकरण तिथवर गेलं होतं. तिला जामनगरला हलवण्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशात हस्तक्षेप झाला नाही आणि हत्तीण गेली. अख्खा जिल्हा हळहळला, पण जनभावना आणि अनुमतीची कारणं ही दोन वेगळी खाती आहेत.

कारणं न देता एसएलपी फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला असा त्याचा अर्थ होत नाही. कुन्हयम्मद खटल्यात 2000 साली हे स्पष्ट झालंय. त्यामुळं रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक असेल, तर उच्च न्यायालयात पुनर्विलोकन मागण्याची वाट तेव्हाही उघडी राहते. सर्वोच्च न्यायालयातच पुनर्विलोकन मागायचं असेल तर 30 दिवसांत. तो अर्ज साधारणपणे तोंडी युक्तिवाद न होता न्यायमूर्तींच्या दालनात कागदांवरच निकाली निघतो. त्यानंतर उरते ती क्युरेटिव्ह याचिका, आणि तिच्यासोबत सीनियर वकिलाचं प्रमाणपत्र लागतं.