विधेयकातील ‘विहित करण्यात येईल’ हे शब्द कसे तपासावेत

संसदेत मांडलेल्या विधेयकातून तज्ज्ञ नियामक संस्थेला किती अधिकार दिला जात आहे, हे समजून घ्यायचे असेल तर वाचन शेवटच्या पानांपासून सुरू करावे. लोकसभेच्या नियम ७० प्रमाणे अशा विधेयकाला वैधानिक अधिकार, म्हणजे नियम करण्याचा अधिकार, सोपवण्याबाबतचे ज्ञापन (स्पष्टीकरणाचे टिपण) जोडावे लागते आणि तो अधिकार सर्वसाधारण आहे की अपवादात्मक, हे त्यात नमूद करावे लागते. बहुतेक ज्ञापनांत ‘सर्वसाधारण’ असेच लिहिलेले आढळते. म्हणून त्या शब्दावर विसंबून न राहता मूळ कलमांकडे परतावे आणि ‘विहित करण्यात येईल’, म्हणजे तपशील नंतर नियमांद्वारे ठरवला जाईल, असे जेथे जेथे आले असेल, तेथे खूण करावी.

प्रत्येक खुणेपाशी विचारावे की येथे मोजमाप सोपवले आहे की धोरण. अन्नपदार्थात एखादे परिरक्षक (पदार्थ टिकवणारे द्रव्य) किती प्रमाणात चालेल, याचे उत्तर नव्या पुराव्यानुसार बदलत राहते. त्यासाठी दरवेळी कायदादुरुस्तीची वाट पाहणे लोकांच्या आरोग्याला घातक ठरेल, म्हणून तेथे तज्ज्ञांना सढळ हाताने अधिकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र कोणते कृत्य गुन्हा ठरेल आणि त्याला कमाल शिक्षा किती, हे निवडून आलेल्यांनी कायद्यातच लिहिले पाहिजे.

मोजमाप सोपवतानाही निकष हवा. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याने रोगांच्या यादीत नियमांद्वारे भर घालण्याची मुभा सरकारला दिली होती, पण ती कोणत्या आधारावर घालायची हे सांगितले नव्हते. डिसेंबर १९५९ मध्ये हमदर्द दवाखाना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. त्यामुळे खुणेच्या आसपास केवळ ‘लोकहितार्थ’ असे आढळल्यास ते पुरेसे मानू नये.

यानंतर संस्थेची कार्यपद्धती पाहावी. मसुदा आधी प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि त्या का फेटाळल्या याची कारणे देणे, या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत का? कॉल ड्रॉपबद्दल ग्राहकाला भरपाई देण्याचा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला, त्यामागे मनमानीबरोबरच पारदर्शकतेचा अभाव हेही कारण होते. हेतू ग्राहकहिताचा असला तरी पद्धत सदोष असेल तर तज्ज्ञांचे कामही टिकत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते नियम सभागृहांपुढे ठेवण्याचे कलम. प्रचलित शब्दरचनेनुसार नियम दोन्ही सभागृहांसमोर तीस दिवस ठेवले जातात, परंतु ते तोपर्यंत अमलात आलेले असतात आणि दोन्ही सभागृहांनी आक्षेप घेतला तरी आधी झालेली कार्यवाही वैध राहते. नागरिकाच्या उपजीविकेवर किंवा स्वातंत्र्यावर परिणाम करणारा अधिकार असेल, तर संसदेच्या पूर्वसंमतीशिवाय नियम लागू होणार नाही, अशी तरतूद सुचवावी. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीने सूचना मागवल्या, तर कलमाचा क्रमांक आणि आपल्याला हवी असलेली पर्यायी शब्दरचना दोन्ही लिहून पाठवावीत.