डीएसएल बंद पडल्यास आधी फोन कानाला लावा

खानदेशातल्या ज्या घरांत इंटरनेट अजूनही तांब्याच्या टेलिफोन तारेवरून, म्हणजे डीएसएलने, येते, तिथे मृगाचा पहिला पाऊस झाला की जोडणी तुटू लागते, कारण उन्हाळाभर तापून तडकलेल्या वेष्टनातून पाणी तारेच्या सांध्यांत उतरते. अशा वेळी बहुतेक जण मॉडेम बंद-चालू करीत बसतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी त्याच तारेवरचा साधा फोन उचलावा, डायल टोन थांबवण्यासाठी एखादा आकडा दाबावा आणि दहा सेकंद नीट ऐकावे. खरखर ऐकू आली तर दोष बहुधा तारेत, सांध्यात किंवा भिंतीवरच्या रोझेटमध्ये (फोनची तार जोडायच्या डबीत) असतो.

फोन मुका आणि मॉडेमचा डीएसएल दिवा मात्र लागलेला, असेही कधी घडते. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली चालतो, तर डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर. त्यामुळे जोडीतली एक तार तुटली तरी वरच्या वारंवारतेचा संकेत कसाबसा पोहोचतो, पण वेग पार घसरतो. ही लाइनमनला सांगण्याजोगी खूण आहे.

यानंतर दोष घरातला की बाहेरचा, हे ठरवावे. सर्व फोन आणि स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे संकेत वेगळे करणारी डबी) काढून बाहेरची तार जिथे घरात येते त्या पहिल्या रोझेटला मॉडेम छोट्या वायरने थेट जोडावा. धाब्यावरून किंवा खिडकीतून पुढे ओढलेली जादा वायर, दुसऱ्या खोलीतला फिल्टर (डेटाचा संकेत फोनपासून अडवणारी छोटी डबी) नसलेला फोन किंवा जुना स्प्लिटर दोषी असेल, तर जोडणी येथे स्थिर होते. फोनची घंटा वाजताच इंटरनेट तुटत असेल, तर फिल्टरवर किंवा सैल सांध्यावर पहिला संशय घ्यावा. उघड्या तारेला हात लावू नये; घंटेच्या वेळी तीत चांगला झटका बसेल एवढा दाब असतो.

डीएसएल दिवा लुकलुकत राहिला तर मॉडेमला एक्स्चेंजचा संकेत पुरेसा मिळत नाही. तो स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसेल, तर युजरनेम, पासवर्ड किंवा मॉडेममधली मांडणी (सेटिंग) तपासावी. संगणकावरून जोडताना ६९१ हा क्रमांक दिसला तर युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेला आहे. मात्र रीसेटचे बारीक छिद्र टाचणीने दाबू नये, त्याने सगळी मांडणी पुसली जाते.

ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, उघडून स्थितीचे पान पाहावे. एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत संकेताला असलेली सवड, ६ डेसिबलच्या खाली असेल तर जोडणी तुटत राहण्याचा संभव असतो. १० च्या वर असेल तर निश्चिंत राहावे. अ‍ॅटेन्युएशन (वाटेत संकेत किती क्षीण झाला तो आकडा) ६० डेसिबलच्या आसपास असेल, तर एक्स्चेंज दूर आहे किंवा तार खराब आहे, आणि तिथे मॉडेम बदलून काही साधत नाही. हे आकडे कोरड्या दिवशी एकदा आणि पावसानंतर एकदा वहीत लिहून ठेवावेत. दोहोंतला फरक मोठा असेल, तर पाणी शिरल्याचा तो चांगला पुरावा ठरतो.

घरगुती मॉडेम बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि भुसावळ-जळगावचा मे महिना त्याच्या वर जातो. म्हणून मॉडेम बंद कपाटात किंवा पत्र्याखाली ठेवू नये.

तक्रार नोंदवताना खरखर, दिव्यांची स्थिती, दोन्ही वेळचे आकडे आणि थेट जोडणीचा निकाल सांगावा, म्हणजे लाइनमन घरात न अडकता सरळ डीपी बॉक्सकडे (घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या बाहेरच्या पेटीकडे) जाईल.